निळ्या रंगाचा बॅकएंड

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकहून मालेगावकडे निघालं की चांदवड लागतं. इथला होळकर वाडा, म्हणजे अहिल्यादेवींचा रंगमहाल, भित्तिचित्रांसाठी आणि कोरीव लाकडी खांबांसाठी प्रसिद्ध. भिंतींवरचे रंग सगळेच बघतात. मला प्रश्न पडतो तो माणसांच्या अंगावरच्या रंगांचा. अहिल्यादेवींच्या काळात (१७६७ ते १७९५) लुगड्याला, पागोट्याला पक्का निळा रंग यायचा कसा?

उत्तर सोपं वाटतं : नीळ. पण गंमत अशी की नीळ पाण्यात विरघळतच नाही. नुसती कालवून कापड बुडवलं तर ते मळेल, रंगणार नाही. आणि निळीच्या पानातही निळा रंग नसतो! तिथे असतं इंडिकन, साखर चिकटलेलं बिनरंगी संयुग. पानं भिजत घातली की साखर तुटते, इंडॉक्सिल सुटतं आणि पाणी घुसळून हवा दिली की नीळ होऊन तळाशी बसते. तिच्या वड्या पाडायच्या.

खरी करामत पुढे. रंगारी पिंपात नीळ, चुना आणि काहीतरी गोड किंवा पिठूळ घालून ते आंबवायचा. दक्षिणेत टाकळ्याच्या बियासुद्धा घालत. आत हवा नसते. अशा वेळी साखर खाणाऱ्या जिवाला उरलेले इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकावेच लागतात. यीस्ट ते ॲसिटाल्डिहाइडवर टाकतं, म्हणून दारू बनते. पिंपातले बॅक्टेरिया ते निळीवर टाकतात. मग नीळ पिवळट-हिरवी होऊन विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत निळं होतं. आणि आता धुतलं तरी जात नाही, कारण नीळ पुन्हा न विरघळणारी झालेली असते.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या जातीचं नावच निळारी किंवा निराळी. आंबवण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे पाश्चरने दाखवायला सुरुवात केली १८५७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी वासावरून, फेसावरून पिंपाची तब्येत ओळखत होती. सगळी सिस्टीम चालू, डॉक्युमेंटेशन शून्य!

मग रसायनशास्त्र आलं. बायरने १८८३ मध्ये निळीची रचना मांडली आणि १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. भारताची निर्यात कोसळली. पाठोपाठ सोडियम हायड्रोसल्फाइट आलं. ही पावडर टाकली की आंबवायची गरजच उरली नाही. म्हणजे शेतकऱ्याचं पीक गेलं आणि रंगाऱ्याचं कसबही. निळीच्या मळ्यांतला जुलूम संपला याचं दुःख कुणी करू नये. पण पिंपाची विद्या त्या जुलमाचा भाग नव्हती, ती उगाच सोबत गेली.

आज ऑफिसात आपण जी जीन्स घालतो, तिची नीळ जवळपास सगळी कृत्रिम. हायड्रोसल्फाइटचे क्षार सांडपाण्यात जातात, म्हणून संशोधक पुन्हा सूक्ष्मजीवांकडे वळलेत. १९८३ मध्येच जनुक बदललेल्या ई. कोलाय बॅक्टेरियाने नीळ बनवून दाखवली होती. फॅफिया नावाचं यीस्ट तर साखरेपासून थेट लालसर ॲस्टाझँथिन बनवतं. ते सॅमन माशांच्या खाद्यात घालतात, मांसाला रंग यावा म्हणून.

ज्याला आपण आता बायोटेक म्हणतो, ते निळाऱ्याच्या पिंपात कधीपासून चालू होतं. तेव्हा कुणी लिहून ठेवलं असतं तर? तुमच्या घरात आजी अंदाजाने करते अशी एखादी गोष्ट असेल, तर या शनिवारी तिला विचारा, आणि लिहून ठेवा.