बियांतली प्रथिनं : ऑसबोर्नची वर्गवारी आणि पेशीची

वर्गवारी निसर्गात असतेच की आपण ती त्याच्यावर लादतो, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद. बियांतल्या प्रथिनांचा इतिहास इथे उपयोगी पडतो बघा.

अमेरिकेत कनेटिकटच्या कृषी प्रयोग केंद्रात थॉमस ऑसबोर्न यांनी ही प्रथिनं कशात विरघळतात एवढंच पाहून त्यांचे चार गट केले : पाणी, मिठाचं पाणी, अल्कोहोल, सौम्य आम्ल किंवा अल्कली. त्यांचा ग्रंथ १९०९चा. पेशीच्या आत काय चालतं, हे तेव्हा दिसणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यानंतर हळूहळू कळलं की पेशीही निवड करते. प्रथिनं तयार होतात आंतर्द्रव्यजालिकेवर. तिथून कडधान्यांतली, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिनं गॉल्गी संकुलामार्गे रिक्तिकेत जाऊन साठतात. मक्यातलं, अल्कोहोलमध्ये विरघळणारं झीन मात्र जालिकेतच गोळा होऊन बसतं. म्हणजे ऑसबोर्नचे गट अगदीच मनमानी नव्हते! (गहू मात्र दाद देत नाही, त्याची अल्कोहोलवाली प्रथिनं दोन्ही वाटांनी जातात.)

आता हा साठा कोणासाठी? १९१४ साली ऑसबोर्न आणि येल विद्यापीठाचे लाफायेट मेंडेल (वाटाण्यांवाले नव्हेत!) यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झीन दिलं. उंदीर खंगले. ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही झीनमध्ये नसलेली अमिनो आम्लं घातल्यावर वाढू लागले. मक्याला उंदराशी काय देणंघेणं? त्याने नायट्रोजन साठवला होता तो आपल्या अंकुरासाठी.