जव्हारची स्थापना : एक कातडें आणि एक सन

पालघर जिल्ह्यांत दोन जुनीं सत्तास्थानें आहेत. पैकीं वसईस तट, बुरूज, दर्यादरवाजा असा सर्व सरंजाम असून उल्हास नदीच्या मुखाशीं तो पोर्तुगीज कोट, भग्नावस्थेंत कां होईना, उभा आहे. दुसरें जव्हार. तेथें जाणारास गांवाभोंवतीं कोट दिसत नाहीं, खंदक दिसत नाहीं. असें असून वसईचा पोर्तुगीज अंमल सुमारें दोनशें वर्षांनीं, इ. स. १७३९ त, चिमाजी आप्पांनीं संपविला. जव्हारच्या मुकणे घराण्याचें राज्य मात्र, परंपरेनें सांगितलेला आरंभ मानल्यास, चौदाव्या शतकापासून इ. स. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत लहानमोठें होत टिकलें.

बाल्कन मुलखांत नेरेत्वा नदीच्या कांठीं पोचितेल म्हणून एक लहानसें तटबंदीचें गांव आहे. हंगेरीच्या राजानें पंधराव्या शतकांत तें मजबूत केलें व इ. स. १४७१ त तुर्कांनीं तें घेतलें. अशा नदीकांठच्या कोटांत हिंडतांना इतिहास भिंतींवरच वाचतां येतो. जव्हारास ती सोय नाहीं. तेथें आधीं जमीन वाचावी लागते व मग कथा.

जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच असून त्याच्या कडा खोल दऱ्यांत तुटलेल्या आहेत. नदी गांवाच्या पायथ्याशीं नाहीं. पण सभोंवारचा मुलूख नद्यांनींच कापलेला आहे. मोखाड्याकडील वाघ आणि दाभोशाच्या कड्यावरून उडी घेणारी लेंडी यांचें पाणी दमणगंगेस जातें, पिंजाळ व सूर्या यांचें वैतरणेस. भूपतगडावर उभें राहून पिंजाळेचें खोरें पाहिलें म्हणजे या राज्यास तटाची निकड कां भासली नसावी हें ध्यानीं येतें. त्र्यंबकाकडून मोखाड्यावरून येणारी आणि किनाऱ्याकडून चढणारी अशा दोन वाटा हातीं असल्या कीं राजधानीचें रक्षण बरेंचसें झालें. अर्थात् तें अभेद्य नव्हतें. ५ जून १६७२ रोजीं, पाऊस तोंडावर असतां, मोरोपंत पिंगळे यांनीं विक्रमशहापासून जव्हार घेतलें व तेथें १७ लाखांचा ऐवज हातीं लागला असें यदुनाथ सरकार लिहितात. नाचणी-वरईच्या या मुलखाकडे पाहतां हा संचय जमिनीच्या वसुलाचा नसून वाटांवरील जकातीचा व लुटीचा असावा, असें आमचें मत आहे.

आतां कथा. ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर इ. स. १८८२ त छापलें. त्यांत ती नमूद आहे. घराण्याचा मूळ पुरुष, ज्यास तेथें पौपेरा म्हटलें असून परंपरा जयबा मुकणे म्हणून ओळखते, त्यास पिंप्रीच्या देवस्थानीं पांच गोसाव्यांनीं जव्हारचा राजा म्हणून आशीर्वाद दिला. त्यानें कोळ्यांची जमात जमवून पेठ व धरमपूर या बाजूंस आपला अंमल मानविला, पुढें सुरतेवरून काठेवाडांत जाऊन सात वर्षें काढलीं, आणि परत आल्यावर जव्हारच्या वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढी जमीन मागितली. नायकानें रुकार देतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं नायकाचें राहतें ठिकाणच वेढून घेतलें. नायकास मोबदला म्हणून गंभीरगड व त्याच्या आसपासचा मुलूख देण्यांत आला.

यांतील कातडें जव्हारचें नव्हे. कार्थेज नगराच्या स्थापनेविषयीं डिडो राणीची हीच युक्ति व्हर्जिल कवीच्या महाकाव्यांत येते. हेंगिस्ट नामक सरदारानें इंग्लंडांत अशीच जमीन मिळविल्याचें बाराव्या शतकांतील जेफ्री लिहितो. कार्थेजच्या बालेकिल्ल्याचें फिनिशियन नांव ग्रीकांच्या कानांस 'बुर्सा', म्हणजे कातडें, असें ऐकूं आलें आणि शब्दावरून गोष्ट उपजली, असा विद्वानांचा तर्क आहे. शब्दावरून गोष्ट उपजण्याचा प्रकार जव्हारासहि अपरिचित नाहीं. शिवाजी महाराज सुरतेवर जातांना येथें विक्रमशहास भेटले व शिरपेच दिला, म्हणून त्या जागेचें नांव शिरपामाळ, असें लोक सांगतात. महाराज जानेवारी १६६४ त सुरतेपुढें आले हें निर्विवाद. शिरपेचाचा उलगडा नांवावरूनच झाला असावा.

कातडें वजा केलें तरी कथेंत कांहीं उरतें, आणि तेंच मोलाचें आहे. राजघराण्यें आपल्या मूळ पुरुषास सूर्यचंद्राशीं जोडतात, देवीकडून तरवार देववितात. येथें घराण्याची स्वतःची परंपरा सांगते कीं, जव्हार आधीं वारल्यांचें होतें, तें आम्हीं युद्धांत जिंकलें नाहीं, शब्दांत गुंतवून घेतलें, आणि मग भरपाई दिली. ज्यांत सांगणाराचें भूषण नाहीं असा मजकूर कोणी मुद्दाम रचीत नाहीं. शिवाय गंभीरगड हें कार्थेजहून आलेलें नांव नव्हे. तो जव्हारच्या वायव्येस प्रत्यक्ष उभा आहे. जी भूमि वारल्यांची होती तिचा निकाल लावल्यावांचून कोळी राज्य उभें राहूं शकलें नाहीं, एवढी साक्ष या कथेवरून निःसंशय घेतां येते. वारल्यांचा या डोंगरांतील जुना हक्क दाखविणारा याहून स्पष्ट पुरावा, तोहि प्रतिपक्षाच्या तोंडचा, दुसरीकडे क्वचितच मिळेल.

राहिला कालाचा प्रश्न. पौपेराचा मुलगा निमशहा यास दिल्लीच्या बादशहानें ५ जून १३४३ रोजीं राजा म्हणून मान्यता दिली. २२ किल्ले व ९ लाखांचा मुलूख त्याजकडे होता. आणि ही गोष्ट घराण्यास एवढी मोठी वाटली कीं त्या दिवसापासून एक नवा सन सुरू झाला व दोनशें वर्षांनंतरहि सरकारी कागदांत तो चालत होता, असें गॅझेटियर म्हणतें. मान्यता असंभवनीय नाहीं. महंमद तुघलकाची दख्खनेंतील सत्ता इ. स. १३४७ त बहामनी राज्य होईपर्यंत टिकली होती, आणि दौलताबादेहून समुद्राकडील डोंगरी नायकांस राजी राखणें त्यास अवश्यच होतें. शंका येते ती सनाविषयीं.

मराठी कागद चाळणारास शुहूर सन परिचित आहे. तो याच महंमद तुघलकाच्या कारकीर्दींत, हिजरी ७४५ म्हणजे इ. स. १३४४ पासून, दख्खनेंत रूढ झाला असें मानितात. तो सूर्य मृग नक्षत्रीं जातो त्या दिवशीं पालटतो, म्हणूनच त्यास मृगसाल म्हणतात. तेव्हां तोच सुलतान, तोच सुमार, आणि दिवसहि मृगाचा! येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. चौदाव्या शतकांत, तत्कालीन युरोपीय पंचांगानें, मृग मे महिन्याच्या उत्तरार्धांत लागत असे. जूनच्या पांचव्या तारखेच्या आसपास तो येतो तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील गणतीनें. म्हणजे '५ जून' ही तारीख निमशहाच्या काळची नसून, मृगापासून सन सुरू झाला एवढें ठाऊक असलेल्या कोणा अर्वाचीन कारकुनानें बसविलेली दिसते. आमच्या मतें जव्हारचा म्हणून सांगितलेला सन हा दख्खनेंत सर्वत्र चालणारा शुहूर सनच होय. घराण्याच्या आठवणींत तो आपल्या मान्यतेशीं जोडला गेला. एका वर्षाचा फरक राहतो खरा, पण आख्यायिकेंतून उतरलेल्या वर्षास एवढी सूट द्यावी.

याचा निकाल कागदच लावतील. जव्हार-मोखाड्याकडील देशमुखी अगर इनामी दप्तरांतून सोळाव्या शतकाच्या मध्याचा एखादा कागद कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यानें प्रथम सनाचे अरबी अंक पाहावे. तेथें 'अर्बा अर्बैन तिसा मया', म्हणजे ९४४, अशा थाटाचा आंकडा असेल तर त्यांत ५९९ मिळवून इ. स. १५४३ चा मृग येतो, आणि सन शुहूर ठरतो. परंतु त्याच काळच्या कागदावर 'मयातैन', म्हणजे नुसता दोनशेंचा आंकडा, निघाला तर जव्हारचा सन स्वतंत्र होता असें मानावें लागेल व वरील अनुमान सोडावें लागेल.