'यक्षांची देणगी' आणि मराठी वाचक : एका वाचकप्रतिसादाचा इतिहास

प्रस्तावना :
मराठी विज्ञानकथेच्या वाटचालीत डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'यक्षांची देणगी' (मौज प्रकाशन, १९७९) या कथासंग्रहाचे स्थान महत्त्वाचे आहे. या संग्रहाविषयीच्या वाचकमतांत लेखकाच्या वैज्ञानिक कीर्तीचा वाटा किती आणि कथांच्या अंगभूत गुणांचा वाटा किती, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
मराठीत विज्ञानकथेचा आरंभ नारळीकरांपासून झाला नाही. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. पुढे भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या कुमारवाचकांपर्यंत पोहोचविल्या. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने या प्रकाराला नवे व्यासपीठ मिळाले.

नावाविना मिळालेली दाद :
१९६४ मधील हॉयल-नारळीकर सिद्धांत, १९६५ मधील पद्मभूषण आणि १९७२ मध्ये मायदेशी परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू होणे, यांमुळे नारळीकरांचे नाव सुशिक्षित मराठी माणसाला परिचित झाले होते. या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव तयार केले होते. हस्ताक्षरही पत्नी मंगला नारळीकर यांचे होते. कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची प्रशंसा केली. तोपर्यंत लेखक कोण हे उघड झाले होते. म्हणून परीक्षकांचा कौल आणि नंतरची प्रशंसा यांचे पुरावामूल्य भिन्न मानावे लागते.

मतांचे दोन प्रवाह :
संग्रहाविषयी साधारणतः दोन मते आढळतात. विज्ञानप्रसाराची तळमळ असणाऱ्या वाचकांना कथांतील शास्त्रीय अचूकता आणि अंधश्रद्धेवरील टीका मोलाची वाटते. 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवरील संकट वैज्ञानिक प्रयत्नांनी टळते, तरी श्रेय धार्मिक विधीला दिले जाते. हा उपरोध त्यांना विशेष भावतो. याउलट, पात्रे कल्पनेच्या सोयीसाठी येतात आणि संवादांवर माहितीचा भार पडतो, असा साहित्यसमीक्षेचा आक्षेप असतो. हा आक्षेप निराधार नाही. मात्र नारळीकरांच्या कथांत नाट्य बहुधा पात्रांच्या मनापेक्षा कल्पनेच्या तर्कशुद्ध विस्तारात असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' :
इतिहासाच्या अभ्यासकांना ही कथा अधिक जवळची आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, या प्रश्नावर ती उभी आहे. ई. एच. कार यांनी १९६१ मध्ये अशा 'जर-तर'च्या विचाराला इतिहासलेखनात स्थान नाकारले होते. नारळीकर त्याच विचाराला पुंजभौतिकीचा आधार देतात. 'पानिपत' हा शब्द मराठीत सर्वनाशाचा वाक्प्रचारही आहे, त्यामुळे शीर्षकातच श्लेष साधतो. पुढे ही कथा 'दि अ‍ॅडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आली. तेथे हा श्लेष उरला नाही. १७६१ च्या पराभवाचे शल्य न बाळगणाऱ्या अन्य प्रांतांतील विद्यार्थ्याला ती केवळ कल्पनेच्या बळावर वाचावी लागते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या संग्रहाच्या कीर्तीत लेखकाच्या नावाचा वाटा असला तरी ती सर्वस्वी त्यावर अवलंबून नाही. १९७४ च्या परीक्षकांपुढे लेखकाचे नाव नव्हते, तर पाठ्यपुस्तकाच्या अमराठी वाचकापुढे मराठी स्मृती नसते. दोन्ही ठिकाणी कथेला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागले. मराठी विज्ञानकथेचे मूल्यमापन करताना लेखकाविषयीचा आदर आणि कथेविषयीचे मत यांची अशी फारकत करणे, हे अध्यापकांचे व समीक्षकांचे कर्तव्य ठरते.