निम्म्या किमतीचे पुस्तक

जून उजाडला की परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या गावात एक व्यवहार दुकानाबाहेरच सुरू होतो. दुसऱ्या वर्षाला गेलेली मुले पहिल्या वर्षाची पुस्तके घेऊन येतात आणि निम्म्या किमतीला देतात. पुस्तक फाटके असेल तर आणखी घासाघीस. समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले असतील, तर मात्र घेणाराच खूश असतो. कापसाचे पैसे अजून हातात नसतात, पेरणी तोंडावर असते, आणि त्याच दिवसांत मुलांच्या शिक्षणाचा खर्च उभा राहतो. स्वस्त पाठ्यपुस्तकाचा विचार विद्यापीठांच्या बैठकांत येण्याच्या कितीतरी आधी तो आपल्याकडच्या घरांनी केला आहे.

या पुस्तकाचे पूर्वज शोधायला छपाईच्याही मागे जावे लागते. मराठवाड्याची ही माती पोथ्यांची. जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव शेजारच्या जालना जिल्ह्यातले. रामदासी मठांत ग्रंथ नकलून घेण्याची पद्धत होती. शिष्याने पोथी स्वतःच्या हाताने उतरवायची, म्हणजे ती त्याची. नक्कल करणे हीच तिथे शिकण्याची सुरुवात होती. याच प्रदेशात वाढलेल्या महानुभाव पंथाने दुसरी वाट धरली. आपले ग्रंथ त्यांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. परकीयांच्या हाती पडून ग्रंथ भ्रष्ट होऊ नयेत, ही त्यामागची काळजी होती आणि ती खोटी म्हणता येत नाही. पण मराठीचे आद्य गद्य त्यामुळे कित्येक शतके मराठी वाचकालाच दिसले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी लिपी उलगडली, तेव्हा ते उजेडात आले. पुस्तक जपायचे म्हणून ते मिटून ठेवायचे की जपण्यासाठीच त्याच्या नकला वाढवायच्या, हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे.

छापील क्रमिक पुस्तक आले ते मुंबईकडून. १८२२ मध्ये तिथे ‘बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ उभी राहिली. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष. जॉर्ज जर्व्हिसने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून गणिताची पुस्तके मराठीत आणली. पण सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबई इलाख्यातल्या पोराला जे सरकारी शाळेत मिळे, ते इथल्या पोराच्या वाट्याला आले नाही.

१९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे सेलूवरून गेली. रुळाचे एक टोक सिकंदराबादेकडे आणि दुसरे मनमाडकडे. सेलूच्या पुस्तकांची पुढची अर्धशतकाची गोष्ट या दोन टोकांमधली आहे.

हैदराबादच्या टोकाला एक मोठा प्रयोग झाला. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण एका भारतीय भाषेत, उर्दूत, द्यायचे ठरले. पुस्तके कुठून आणायची? त्यासाठी विद्यापीठाच्याही आधी, १९१७ मध्ये, भाषांतराचे स्वतंत्र खाते निघाले. मौलवी अब्दुल हक त्याच्या मुळाशी होते. त्यांचे बरेच काम औरंगाबादेत झाले, म्हणजे आपल्याच अंगणात. इतिहास, गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक अशा विषयांची पुस्तके उर्दूत तयार झाली, परिभाषा घडवली गेली. भाषा आधी आणि पुस्तक नंतर असे म्हणून थांबायचे नसते. पुस्तक करता करताच भाषा तयार होते, हे या खात्याने दाखवून दिले. माझ्या मते या देशातला विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांचा हा सर्वांत धाडसी प्रयत्न. त्याचे दुखणे एवढेच की मराठी, तेलुगू, कन्नड घरांतल्या बहुसंख्य मुलांची ती भाषा नव्हती. संस्थान विलीन झाल्यावर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि एवढ्या कष्टाची पुस्तके विद्यार्थ्यांच्या हातून सुटली.

मनमाडच्या टोकाकडून मराठी पुस्तके येत. संस्थानात खासगी मराठी शाळा चालवणे सोपे नव्हते. परवानग्या लागत, नजर असे. तरीही औरंगाबादेत सरस्वती भुवन, अंबाजोगाईत योगेश्वरी आणि सेलूत नूतन विद्यालय उभे राहिले. या शाळांनी मराठवाड्याला मराठीतून शिकण्याची सवय लावली. सेलूत पुढे नूतन महाविद्यालय झाले, त्याची जमीन अशी तयार होत गेली.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. आता मराठीतून पदवी घेता येणार होती, पण पुस्तके? शाळेचा प्रश्न १९६७ मध्ये बालभारतीच्या स्थापनेने बराचसा सुटला. राज्यभर एक पुस्तक, परवडेल अशी किंमत. महाविद्यालयांसाठी केंद्र सरकारने साठीच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांची योजना दिली. तिच्यातून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काम करू लागले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, विज्ञान या विषयांवर जाणत्या प्राध्यापकांनी मराठीत लिहिले. जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कपाटाच्या खालच्या फळीवर ही पुस्तके अजून सापडतात. उघडून पाहावीत. काहींची मांडणी आजच्या गाईडपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

त्याच काळात इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या ब्रिटनमधून येत, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची गणित-विज्ञानाची पुस्तके तर अगदी नाममात्र किमतीत मिळत. पण ही स्वस्ताई दुसऱ्या देशांच्या धोरणावर उभी होती. सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त आवृत्त्यांची ब्रिटिश योजना नव्वदच्या दशकात बंद पडली, आणि ती पुस्तके दिसेनाशी झाली.

जागा भरली ती ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांनी आणि झेरॉक्सने. कॉलेजच्या फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान हे आपल्याकडचे खरे पाठ्यपुस्तक मंडळ झाले. दिल्ली विद्यापीठातल्या अशाच एका दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या नकलांना १९५७ च्या कायद्यात मुभा आहे असे सांगितले. मठात पोथी उतरवणाऱ्याला जी मोकळीक होती, तिची आठवण व्हावी असा हा निकाल.

आता फुकट पुस्तक फोनवर आहे. बालभारतीची पुस्तके कुणालाही उतरवून घेता येतात. पण त्यांच्या आतल्या पानावर सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे असल्याचे छापलेले असते. सेलूच्या शिक्षकाने त्यातला धडा घेऊन परभणीच्या कापसाचे उदाहरण घातले, सुधारून पुन्हा वाटला, तर त्याला परवानगी लागेल. फुकट आणि मुक्त यांतला फरक तो हाच. युनेस्कोने २००२ मध्ये ‘मुक्त शैक्षणिक साधने’ हा शब्द रूढ केला, त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. वाचा, बदला, वाटा, फक्त मूळ लेखकाचे नाव सांगा, असे तिथे लेखक आधीच सांगून ठेवू शकतो. अशी पुस्तके आज भरपूर आहेत, पण बहुतेक इंग्रजीत.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत सेलू येते. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. अभ्यासक्रम बदलला की निम्म्या किमतीची ती साखळी तुटते. थोरल्या भावाचे पुस्तक धाकटीला चालत नाही. सगळ्यात जास्त झळ त्यांनाच बसते ज्यांच्याकडे नवे घ्यायला पैसे नाहीत. अशा वेळी बदलता येणारे पुस्तक हाच उपाय आहे, कारण चार प्रकरणे बदलली म्हणून उरलेली आठ पुन्हा विकत घ्यावी लागत नाहीत.

म्हणून दोन मागण्या. ग्रंथनिर्मिती मंडळाची ती पुस्तके जनतेच्या पैशाने झाली होती. ती स्कॅन करून, मुक्त परवान्याखाली, सगळ्यांना खुली करावीत. मराठी विश्वकोश महाजालावर खुला होऊ शकला, तर हेही होईल. आणि सेलू, जिंतूर, मानवतच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या पिवळ्या पडलेल्या नोट्स टंकून, नाव घालून, मुक्त परवान्याने प्रसिद्ध कराव्यात. पुढच्या जूनच्या आत एका विषयाचे जरी झाले, तरी सुरुवात करा.