मातीच्या तेलाचा डबा आणि न मांडलेली हमाली



परंड्यात माझ्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायका रॉकेलला 'मातीचे तेल' म्हणत. निजामाच्या राज्यातले उर्दू 'मिट्टी का तेल' असे मराठी होऊन घरात आले. माझे माहेर बार्शीचे. तिथे आम्ही 'घासलेट' म्हणायचो. साधारण तीस किलोमीटरच्या अंतरात एका वस्तूला दोन नावे, कारण १९४८ पर्यंत मधून राज्याची हद्द जात होती. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि परंडा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. हे तेल दुकानदाराच्या भरवशावर न राहता स्वतः वाहून आणले तर चार पैसे वाचतात, हे दोन्ही गावांतल्या घरांना पक्के ठाऊक होते. ते चार पैसे कसे वाचत आणि त्यासाठी ओझे कोण उचलत असे, त्याचा हा इतिहास.

आधी डब्याबद्दल. एकोणिसाव्या शतकात रॉकेल आपल्याकडे आले ते अमेरिकेतून, पत्र्याच्या चौकोनी डब्यांत. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे १८ लिटर, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. डबा आणि खोके यांचा खर्च तेलाच्याच किमतीत. लंडनच्या मार्कस सॅम्युअल नावाच्या व्यापाऱ्याने यावर तोड काढली. त्याचे 'म्युरेक्स' नावाचे जहाज ऑगस्ट १८९२ मध्ये सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघाले, त्यात रशियाचे तेल डब्यांत नव्हते, जहाजाच्या टाक्यांतच भरलेले होते. त्याचा हिशेब असा, की लोक आपापली भांडी घेऊन येतील, तेल भरून नेतील आणि स्वस्तात मिळाले म्हणून खूश होतील. लोक काही आले नाहीत. त्यांना तेलाइतकाच डबा हवा होता! शेवटी त्याला पत्रा मागवून पूर्वेकडेच डबे बनवायला लागले. पुढे याच माणसाची कंपनी शेल झाली, आणि आपल्याकडे १९२८ पासून बर्मा-शेल. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला घरातल्या बाईच्या डब्याचा हिशेब आला नाही, याची मला गंमत वाटते. आपल्यापैकी कोणालाही विचारले असते तरी सांगितले असते.

कारण डबा काय कामाचा ते आपल्याला माहीत आहे. सासूबाईंच्या घरी डब्यांत ज्वारी, डाळ, शेंगा. दोन डब्यांची कावड करून पाणी. डबा कापून सपाट केला की न्हाणीचे दार, नाहीतर गोठ्याचे छप्पर. अगदी गंजून गेला तर तुळस. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा अजून त्याच आकाराचा येतो.

भरलेल्या डब्याचे वजन मात्र विसरू नये. रॉकेल पाण्याहून हलके, लिटरला साधारण ८०० ग्रॅम. म्हणजे १८ लिटरचे साडेचौदा किलो, वर पत्र्याचे वेगळे.

परंड्याला रेल्वे नव्हती. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी सुरू झाली, आणि आमच्या भागाचा बाहेरचा माल बार्शीच्या मोंढ्याशी जोडला गेला. तिथून परंड्याला बैलगाडी. वाटेत हद्द, आणि हद्दीवर संस्थानाची जकात, म्हणजे करोडगिरी. शेकडा पाच हा दर इंग्रजांशी झालेल्या १८०२ च्या तहातला. शिवाय नाणे वेगळे. बार्शीत कलदार रुपया, परंड्यात हाली सिक्का, आणि सहा कलदारांना साधारण सात हाली. बार्शीत शंभर कलदारांना मिळणाऱ्या मालाला परंड्याच्या माणसाचे जवळपास ११७ हाली रुपये जात, त्यावर जकात, गाडीभाडे आणि दुकानदाराचा नफा.

जकात आणि नाण्याचा फरक कोणाला चुकत नव्हता. वाचवता येण्यासारख्या दोनच बाबी होत्या, भाडे आणि नफा. ज्यांची गाडी धान्य किंवा कापूस घेऊन बार्शीला जायची, ती परतताना रिकामी असायची. त्या रिकाम्या गाडीत दोन डबे मातीचे तेल टाकले की भाडे शून्य. आमच्या घरी हेच चाले. आपल्या घरांत तेल पुरतही असे जास्त दिवस, कारण रात्रीभोजनाचा त्याग. सूर्यास्ताआधी चूल विझली की स्वयंपाकघरात दिवा कशाला? दिव्यावर झेप घेणाऱ्या किड्यांची हिंसा टळे आणि तेलही वाचे.

बैलांबद्दल घरात एक दंडक होता. परतीच्या गाडीत डबे ठेवले की माणसांनी चढाच्या ठिकाणी उतरून चालायचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यातला चौथा, झेपेल त्यापेक्षा जास्त भार लादणे, आमच्याकडे अगदी काटेकोर पाळत. कुंथलगिरीला जातानाही गाडीत किती माणसे बसवायची ते ठरलेले असे. बैलाचा भार मोजला जाई. गाडीतून उतरलेला डबा पडवीतून माडीवर कोण नेते, हे सासूबाईंना मी विचारले तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोण म्हणजे? आम्हीच की."

१९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि एप्रिलमध्ये येनांजाऊंगच्या तेलविहिरी इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. आपल्या देशाचे बरेचसे रॉकेल तिथूनच येत होते. ते थांबले. कंदील खुंटीला राहिले आणि पुन्हा करडईच्या तेलाच्या पणत्या आल्या. पैसा असूनही तेल नाही, हा अनुभव घरांना तेव्हा आला.

दुसऱ्यांदा आला तो १९७३ मध्ये, आणि तो माझ्या आठवणीतला आहे. आधीच ७२ चा दुष्काळ. त्यात अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाईविरोधी समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या मागण्यांत धान्य, साखर, गोडेतेल यांच्या बरोबरीने रॉकेलही होते. बार्शीत आम्ही लाटणे घेतले नाही, कॅन घेतला. शाळा सुटली की रांगेत. पुढच्या बाईचा कॅन आणि आपला कॅन यांत दगड ठेवून नंबर लावायचा.

लग्न होऊन परंड्याला आले तेव्हाही रांग होतीच, फक्त दुकान बदलले. रेशनचे रॉकेल आले ही बातमी कुठून तरी यायची, आणि हातातले लाटणे टाकून सुनेने निघायचे. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, रेशनकार्ड, नरसाळे. दुकानदार हातपंपाने माप भरणार, मापात फेस, फेस बसायच्या आत ओतणार. घरी आल्यावर राखेने आणि चिंचेने हात घासले तरी वास जात नसे. त्या हातांनी चौक्यात जायचे नाही, म्हणून अंघोळ पुन्हा. एक मात्र खरे, रॉकेलच्या स्टोव्हने सरपणातले जीव वाचवले. लाकूड आपटून, झटकून, वाळवी आणि किडे शोधून मगच चुलीत घालायचे, तो तास वाचला. तो तास आम्ही रांगेला दिला.

बी. कॉम.ला आम्हाला 'कॅरेज इनवर्ड' शिकवले होते. माल दुकानात आणायचा खर्च खरेदीत मिळवायचा, नाहीतर नफा खोटा दिसतो. एका महिन्यात मी घरखर्चाच्या वहीत हे करून पाहिले. रेशनचा भाव आणि खुल्या बाजाराचा भाव यांतला फरक, गुणिले लिटर. समोर रांगेतले तास, दोन हेलपाटे (पहिल्या दिवशी तेल संपले), आणि दुसरी अंघोळ. वाचलेली रक्कम खुरपणीच्या बाईच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीएवढी निघाली. माझा वेळ त्याहून जास्त गेला होता. यजमानांनी वही बघितली आणि म्हणाले, "पण पैसे तर वाचले ना?" वाचले होते. घरातल्या कोणाचाही रुपया खर्च झाला नव्हता, म्हणून वहीत नोंद होण्यासारखे काही घडलेच नव्हते.

तोच भावफरक दुसरीकडे टँकर भरून वाहिला जात होता. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो चोरी ओळखता यावी म्हणून, तरी ते डिझेलमध्ये मिसळले जाई. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी अशी भेसळ पकडली आणि त्यांना जिवंत जाळले गेले. आमच्या रांगेत पहिल्या दिवशी तेल का संपायचे, याचे एक उत्तर त्या बातमीत होते.

रंगावरून आठवले. माझी भाची अमेरिकेच्या थंड भागात राहते. तिथे घर गरम ठेवायला तळघरात तेलाची टाकी असते, आणि त्या तेलाला लाल रंग घालतात, कारण त्यावर रस्त्याचा कर नसतो. कंपनीचा टँकर थोडे तेल द्यायला येत नाही. ज्यांच्याकडे एकदम पैसे नसतात ते पंपावरून कॅन भरभरून स्वतः आणतात. बर्फात कॅन कोण उचलते, हे विचारायचे राहिले.

घरात साठवलेल्या कॅनची आणखी एक बाजू आहे, ती सांगायला जड जाते. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही दोन ओळींची बातमी आमच्या तरुणपणी सारखी यायची. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब. आमच्या शेजारच्या गल्लीतली एक गेली. कोणी काही बोलले नाही. तीही रांगेत माझ्यापुढे उभी राहायची.

गॅस आला आणि रांग गेली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, त्याच वर्षापासून रॉकेलचे अनुदान महिन्याला थोडे थोडे कमी करत नेले, आणि २०२० पर्यंत ते संपले. वाहून आणण्याचा हिशेब मात्र सुटलेला नाही. सिलिंडरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. गोडाऊनवरून आपण स्वतः आणला तर तेवढी रक्कम वजा करून मागता येते. काही वर्षांपूर्वी ती १९ रुपये ५० पैसे होती, पुढे वाढली. पुष्कळ बायकांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आमच्या शेजारची सून हल्ली असाच आणते. तिला मी टाकीच्या गळ्याशी कोरलेला आकडा दाखवला. ते रिकाम्या टाकीचे वजन, साधारण पंधरा-सोळा किलो. त्यात गॅसचे १४.२ मिळवायचे. तिने बेरीज केली, तीस. रिक्षातून उतरवून आत नेताना मदतीला कोण असते, विचारले. "सासूबाई," म्हणाली. सासूबाई माझ्याच वयाच्या आहेत.