फोनवर बोलणारा डॉक्टर की विद्यार्थी? साथीच्या काळात एमबीबीएसच्या मुलांना काय करता येतं, काय नाही; सविस्तर माहिती

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, दवाखान्यात बेड मिळेनात आणि डॉक्टर कमी पडू लागले. सौम्य लक्षणं असलेले बहुतेक रुग्ण घरीच एका खोलीत वेगळे राहत होते. त्यांना रोज फोन करून तब्येत विचारायला, ऑक्सिजन किती आहे ते लिहून घ्यायला माणसं हवी होती. त्या वेळी या कामासाठी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घ्यायची परवानगी देण्यात आली.

साथ ओसरली, पण फोनवरून सल्ला घेण्याची सोय राहिली. उद्या पुन्हा एखादी साथ आली तर असाच फोन तुमच्या घरी येऊ शकतो. पलीकडचा माणूस कोण आहे, त्याला काय सांगायचं आणि कधी "मला डॉक्टरांशीच बोलू द्या" म्हणायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सरकारचा निर्णय काय होता?

३ मे २०२१ रोजी पंतप्रधान कार्यालयानं हा निर्णय जाहीर केला. त्यातले मुख्य मुद्दे असे :

- एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी फोनवरून सल्ला देणं आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवणं, या कामासाठी घेता येतील. पण आधी त्यांना कामाची माहिती द्यायची आणि कॉलेजच्या प्राध्यापक डॉक्टरांनी त्यांच्यावर देखरेख ठेवायची.
- इंटर्न डॉक्टरांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या ड्युटीवर लावता येईल.
- बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना पूर्णवेळ कोविड सेवेत घेता येईल.
- कोविड ड्युटीचे किमान १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल.
- या सगळ्यांचं लसीकरण होईल आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेचं संरक्षण त्यांना राहील.

त्याच वेळी नीट-पीजी ही परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली, म्हणजे शिकून बाहेर पडलेले डॉक्टर अभ्यासाऐवजी कामाला उपलब्ध होतील.

विद्यार्थी, इंटर्न आणि डॉक्टर यांत फरक काय?

गावात पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकाला आपण 'डॉक्टरसाहेब' म्हणतो. कायद्यानं मात्र तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

*विद्यार्थी :* एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षांचं. शेवटच्या वर्षाच्या मुलाला आजारांची, औषधांची बरीच माहिती असते, वॉर्डात रुग्ण पाहिलेले असतात. पण त्याची डॉक्टर म्हणून नोंदणी झालेली नसते. त्याला स्वतःच्या सहीनं औषध लिहून देता येत नाही.

*इंटर्न :* शेवटची परीक्षा पास झाल्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप असते. या काळात तात्पुरती नोंदणी मिळते. वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं, स्वतंत्र प्रॅक्टिस करायची नाही.

*नोंदणीकृत डॉक्टर :* इंटर्नशिप संपल्यावर कायमची नोंदणी होते. आपल्या राज्यात एमबीबीएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत.

थोडक्यात, विद्यार्थी तुमचं ऐकून घेतो, लिहून घेतो आणि धोका दिसला की वर कळवतो. उपचाराचा निर्णय आणि सही डॉक्टरांचीच.

फोनवर काय विचारतात आणि का?

अशा फोनवर रोज जवळपास तेच प्रश्न असतात. "काल तर सांगितलं होतं की" असं म्हणून वैतागू नका. कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवला तरच तब्येत कुठल्या दिशेनं चालली आहे ते कळतं.

१. पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं? रिपोर्ट आल्याचा दिवस नव्हे, ताप किंवा खोकला सुरू झाल्याचा दिवस. कोरोनात बऱ्याच जणांची तब्येत पहिल्या आठवड्याच्या शेवटी बिघडत असे, म्हणून दिवस मोजणं महत्त्वाचं.

२. ताप किती? "अंग गरम लागतंय" यापेक्षा थर्मामीटरचा आकडा सांगा. तापाची गोळी कधी घेतली तेही सांगा, कारण गोळीनं ताप तात्पुरता उतरतो.

३. ऑक्सिजन किती? २०२१ च्या सूचनांप्रमाणे आकडा ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना लगेच कळवायचं होतं. ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार, ९० च्या खाली म्हणजे गंभीर.

४. श्वास किती वेळा? ऑक्सिमीटर नसेल तर हे घरच्यांना करता येतं. माणूस शांत बसलेला असताना पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसात २४ किंवा जास्त असेल तर काळजीचं, ३० च्या वर असेल तर गंभीर.

५. बीपी, शुगर, दमा, किडनीचा त्रास, कॅन्सरचे उपचार? हे लपवू नका. साठीच्या पुढच्या आणि असे आजार असलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय घरी ठेवायचं नाही, असा नियमच होता.

६. आधी कुणाकडून काय घेतलं? मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, इंजेक्शन, सलाईन, काढा, सगळं सांगा. समोरचा रागावेल म्हणून गप्प राहिलात तर नुकसान तुमचंच.

ऑक्सिमीटर लावताना या चुका टाळा

- पाच मिनिटं शांत बसा, मग लावा. शेतातून चालत आल्या आल्या लावू नका.
- बोट कोरडं आणि उबदार हवं. नेलपॉलिश किंवा नखावर मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. दुसरं बोट घ्या.
- आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.
- मशिनवर दोन आकडे असतात. एक ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. 'टक्के' ही खूण असलेला आकडा ऑक्सिजनचा. हे दोन आकडे उलटसुलट सांगितले तर फोनवरचा माणूस उगाच घाबरेल, नाहीतर उगाच निश्चिंत राहील.

महाराष्ट्रात आरोग्य विभागानं सहा मिनिटं चालण्याची चाचणीही सांगितली होती. बसून ऑक्सिजन मोजायचा, सपाट जागेवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा मोजायचा. आकडा ९३ च्या खाली गेला, आधीपेक्षा तीनहून जास्त घसरला किंवा दम लागला, तर दवाखान्यात जायचं. साठीच्या पुढच्यांना तीनच मिनिटं. बसल्या जागीच धाप लागत असेल तर ही चाचणी अजिबात करायची नाही. कोरोनात काही रुग्णांना दम लागत नसतानाही ऑक्सिजन कमी झालेला असे, तो या चाचणीत पकडता येई.

औषधाचा निर्णय विद्यार्थ्याकडे का नाही?

स्टिरॉइडचं उदाहरण घ्या. ऑक्सिजन कमी झालेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडचा फायदा झाला, हे २०२० मधल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. एकच औषध, एका रुग्णाला आधार आणि दुसऱ्याला विनाकारण.

तरीही दुसऱ्या लाटेत पुष्कळांनी शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून तीच गोळी घेतली. स्टिरॉइडनं शुगर वाढते आणि अंगातली प्रतिकारशक्ती दबते. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे रुग्ण वाढले, तेव्हा ताब्यात नसलेली शुगर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणं असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

म्हणून फोनवरचा विद्यार्थी "औषधाचं मी सरांना विचारून सांगतो" म्हणाला, तर त्याला काही येत नाही असं समजू नका. तो बरोबर वागतोय. उलट स्वतःच भराभर गोळ्यांची नावं सांगू लागला, तर सावध व्हा.

चिठ्ठीवर काय बघायचं?

फोनवरून उपचाराचे नियम केंद्र सरकारनं २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, जाहीर केले. त्यानुसार :

- डॉक्टरांनी आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा.
- चिठ्ठीवर तारीख, रुग्णाचं नाव, वय, औषधाचं नाव आणि डॉक्टरांची सही हवी.
- एनडीपीएस कायद्याखाली येणारी नशेची औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत.
- फोनवर भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टर प्रत्यक्ष यायला सांगू शकतात. रुग्णालाही फोनवरचा सल्ला थांबवून प्रत्यक्ष दाखवण्याचा हक्क आहे.

रुग्णाला बोलता येत नसेल तर घरचं माणूस, आशाताई किंवा सिस्टर त्याच्या वतीनं बोलू शकतात.

फसवणूक कशी ओळखाल?

सरकारी सल्ला मोफत असतो. "रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवा", "आलेला ओटीपी सांगा", "ही लिंक दाबा", असं फोन करून कुणी म्हणालं तर फोन ठेवा. नाव, कॉलेज आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचं नाव विचारा, मग पीएचसीत किंवा आशाताईंकडे खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आज कोणती सोय आहे?

*ई-संजीवनी :* १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या ओपीडी सुरू झाली. मोबाईल नंबर टाकून नोंदणी करायची, टोकन घ्यायचं, नंबर आला की व्हिडिओवर डॉक्टर बोलतात. घरी रेंज नसेल किंवा स्मार्टफोन नसेल तर उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी जोडून देतात. नोंदणी करताना स्वतः सुरू केलेल्या अॅपवर ओटीपी टाकणं ठीक आहे. अनोळखी माणसाला फोनवर सांगणं नाही.

*१०४ :* आरोग्यविषयक सल्ला.
*१०८ :* तातडीची रुग्णवाहिका.
*१०२ :* गरोदर माता आणि बाळांसाठी वाहन.
*१४४१६ :* टेली-मानस, मन अस्वस्थ असेल तर बोलण्यासाठी.

या वेळी फोनच्या सल्ल्याची वाट बघू नका

श्वास घ्यायला त्रास, छातीत सतत दुखणं किंवा दाब, माणूस गोंधळल्यासारखा बोलणं, हाक मारून जागा न होणं, साप चावणं, बाळंतपणात रक्तस्राव. यापैकी काहीही असेल तर आधी १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागत असेल तर गावातलं मिळेल ते वाहन घ्या, पण निघा.

आजच एक काम करून ठेवा. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं वय, जुने आजार आणि चालू गोळ्यांची नावं लिहा, खाली आशाताईंचा आणि पीएचसीचा नंबर टाका. फोन डॉक्टरांचा असो की विद्यार्थ्याचा, हा कागद समोर असेल तर निम्मी उत्तरं तयारच असतील.