मुंबईचा धूर रोह्याला कसा आला?

कोलाडला राफ्टिंग केलंय का? मग आठवत असेल, बोटी सकाळीच सुटतात, कारण कुंडलिकेत तेव्हा पाणी सोडलेलं असतं. भर उन्हाळ्यातसुद्धा. कोकणातली नदी, मे महिना, आणि एवढी ओढ? तर ते पाणी मुळात तिचं नाहीच. ते मुळशीचं आहे.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या चिमण्यांपासून. शंभरेक वर्षांपूर्वी गिरण्या दगडी कोळशावर चालायच्या. धुराचा त्रास इतका, की १९१२ साली सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. टाटांनी दुसरी वाट काढली: घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून खाली कोकणात सोडायचं आणि त्या विजेवर गिरण्या चालवायच्या. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोचली. पुढे भिवपुरी, मग १९२७ ला भिरा. कल्पना भारीच होती, यात वाद नाही.

पण भिऱ्यासाठी मुळशीचं अख्खं खोरं बुडणार होतं. सुमारे पन्नास गावं, आंबेमोहोर पिकवणारी खाचरं, देवळं, डोंगरउतारावरचं रान. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे थेट धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. खरी गोम मात्र जमिनीच्या कागदात होती. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर. त्यांना चांगला मोबदला मिळाला की झालं! कसणाऱ्या कुळांना मात्र जमीनच हवी होती. १९२४ पर्यंत लढा मोडला, आणि धरण झालं.

आता खाली या. वीज तयार झाली की पाणी नदीत जातं. खोपोलीचं पाताळगंगेत, जी पेण तालुक्यात खारपाड्याच्या पुलाखालून खाडीकडे जाते. भिऱ्याचं कुंडलिकेत, जी रोह्यावरून वाहते. एरवी उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या बारमाही झाल्या. आणि मुंबईजवळ बारमाही पाणी म्हटल्यावर कारखाने येणारच: पाताळगंगेवर रसायनी, कुंडलिकेवर धाटाव. गावाचं नावच 'रसायनी', आता बोला! मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. चिमण्या आता इकडे आहेत, सह्याद्रीच्या पायथ्याशी.

पुढच्या भागात पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात जाऊ. चिरनेर, २५ सप्टेंबर १९३०: लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढले होते, सरकारी जंगलातली झाडं तोडायला. आणि तेही बरोबरच होते. कसे, ते तेव्हा.